व्यसनाच्या घरातून आलेल्या तरुण पाळकास

ख्रिस्तात प्रिय चिरंजीव,

सलाम.

तुझं पत्र मिळालं. नवी नेमणूक, मंडळीत साठेक घरं, त्यातल्या निदान दहा घरांत दारू, आणि शेवटी तो प्रश्न: वडिलांच्या व्यसनात आमच्या घराची जी होरपळ झाली, ती देव आता माझ्या सेवेत कामी आणेल ना? या प्रश्नाला लोक पटकन 'हो' म्हणतात आणि वर एक वचन जोडून मोकळे होतात. मी तसं म्हणणार नाही. सोसलेला माणूस आपोआप कनवाळू होत नाही. सासुरवास भोगलेल्या किती सासवा सुनेला सुखाने नांदू देतात ते तूच बघ. सोसण्यातून कधी माया येते, कधी 'मी सोसलं, तुला काय झालं सोसायला' हा हिशेब येतो. पुष्कळदा दोन्ही एकाच माणसात एकाच दिवशी येतात.

पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राची सुरुवात तुला पाठ असेल. दुःखाच्या घरी ती हमखास वाचली जाते, पण घाईत. पौल तिथे पुढे काय द्यायला सांगतो? देवाकडून आपल्याला जे सांत्वन मिळालं, ते. म्हणजे दुःख आणि सेवा यांच्यामध्ये एक पायरी आहे, आणि तरुण पाळक बहुधा तीच गाळतात. वडील जाऊन तुला दोन वर्षं झाली. त्यातलं बरंचसं परीक्षा, प्रबंध आणि नेमणूक यांत गेलं. तुझ्या दुःखाजवळ कोणी बसलं का? तू कोणाला बसू दिलंस का? तुझ्या पत्रात आईबद्दल दीड पान आहे, धाकट्या बहिणीबद्दल मोठा परिच्छेद आहे, स्वतःबद्दल 'मी ठीक आहे' एवढंच. व्यसनी माणसाच्या घरातला थोरला मुलगा असंच लिहितो. सगळ्यांचं ठीक ठेवायची सवय त्याला लहानपणीच लागलेली असते. अशी मुलं पाळकीय सेवेत बरीच येतात, आणि मंडळ्या त्यांच्यावर खूश असतात, कारण ती कशालाच नाही म्हणत नाहीत. पाच-सात वर्षांनी हीच मुलं चिडकी होतात किंवा आजारी पडतात, तेव्हा मंडळीच्या पंचांना आश्चर्य वाटतं.

आधी जमेची बाजू पाहू, कारण ती खरी आहे. त्या दहा घरांत जे चालतं ते तुला कोणी शिकवावं लागणार नाही. अंगणात चपलांचा आवाज आला की आज किती झाली आहे ते पावलांवरून ओळखणारी आणि लगेच झोपेचं सोंग घेणारी मुलं. पगाराचे पैसे डाळीच्या डब्यात लपवणारी आणि दर महिन्याला डबा बदलणारी बाई. 'यांना जरा बरं नाही' हे वाक्य. पाहुणे येणार म्हटल्यावर आनंदाऐवजी घरभर पसरणारा ताण. ज्याने हे पाहिलेलं नाही त्या पाळकाला एवढं कळायला पाच-सहा भेटी लागतात, आणि तोवर तो 'उपासनेला नियमित येत जा' असं सांगून परतलेला असतो. तुला पहिल्याच भेटीत कळेल. त्या घरावर लाजेचं झाकण आहे हेही कळेल. कर्करोगाच्या घरी शेजारणी डबे घेऊन येतात, दारूच्या घरी कोणी डबा आणत नाही. ही एक गोष्ट ध्यानात ठेवलीस तरी महिला मंडळाच्या बहिणींना कुठल्या घरी काय घेऊन जायला सांगायचं ते तुला ठरवता येईल. जाताना कारण सांगू नये. 'आज जास्त झालं होतं' म्हणून द्यावं.

आता तुझी जखम तुला कुठे फसवेल ते सांगतो.

पहिली जागा म्हणजे तो माणूस. त्या घरात तुझं लक्ष बाईकडे आणि मुलांकडे जाईल, आणि खाटेवर बसलेल्या माणसाकडे पाहताना तुझा आवाज तुझ्या नकळत कोरडा होईल. तू त्याच्याशी बोलणारच नाहीस, बोललास तर उपदेश करशील. पण तोही तुझ्याच कळपातला आहे. त्याला तुझ्या डोळ्यांत तुझे वडील दिसत नाहीत, एक रागावलेला तरुण दिसतो, आणि पुढच्या भेटीच्या वेळी तो मागच्या दाराने निघून जातो. दुसरी जागा म्हणजे थोरला मुलगा. त्याची फी भरशील, वह्या घेऊन देशील, त्याला मोबाइल नंबर देशील, रात्री अकराला फोन आला की धावशील. हे सगळं चांगलंच दिसतं. पण सहा महिन्यांत तो मुलगा तुझ्यावर टेकून उभा राहील आणि तुझी बदली झाली की कोसळेल. त्याला आधार हवा तो तीन-चार माणसांचा: शब्बाथ शाळेचे (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाचे) शिक्षक, एखादा मामा, शाळेतले वर्गशिक्षक. तू त्यांतला एक राहा. तिसरी जागा ओळखायला सगळ्यांत अवघड. ज्या घरात दारू नाही, पण मुलगी पळून गेली आहे, किंवा कर्ज झालं आहे, किंवा नुसतं म्हातारपणाचं एकटेपण आहे, तिथे तुला मनातल्या मनात वाटेल की यात काय एवढं. ज्याने मोठं सोसलं आहे त्याला इतरांचं दुःख मोजायची खोड लागते. एका बाजूने तुझा कान तयार आहे, दुसऱ्या बाजूने तो शिकून तयार करावा लागेल.

हे शिकण्याची एक रीत आहे, आणि ती बसवणाऱ्या माणसाची हकीकत तुला उपयोगी पडेल. अँटन बॉयझन हा अमेरिकन पाळक. १९२० साली त्याला मनाचा तीव्र आजार झाला आणि मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. तिथे डॉक्टर होते, पण आजाऱ्याच्या मनात धर्माच्या अंगाने काय उसळलं आहे ते ऐकणारं कोणी नव्हतं, आणि बाहेरून येणाऱ्या पाळकांना आजारातलं काही कळत नव्हतं. बरा झाल्यावर तो पुन्हा शिकला, १९२४ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लेन, म्हणजे रुग्णालयाचा पाळक, झाला, आणि १९२५च्या उन्हाळ्यात ईश्वरविज्ञानाच्या चार विद्यार्थ्यांना त्याने वॉर्डात काम करायला आणलं. ग्रंथ जितक्या काळजीने वाचता तितक्याच काळजीने माणूस वाचायला शिका, हा त्याचा आग्रह. आज जगभर इस्पितळांतून पाळकीय सेवेचं जे प्रशिक्षण दिलं जातं त्याचा उगम तिथला. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्येही ते मिळतं. सुट्टी आणि खर्चाची सोय झाली तर जरूर जा. आणखी एक गोष्ट: बॉयझनचा आजार त्या एका खेपेने संपला नाही, पुढेही उलटला. तो पूर्ण बरा होऊन सेवेत आला नव्हता. स्वतःच्या आजाराकडे त्याने सरळ पाहिलं आणि इतरांसाठी काम उभं केलं, इतकंच. तूही पूर्ण बरा होईपर्यंत थांबायचं कारण नाही. आपली जखम कुठे आहे हे मात्र तुला माहीत असलं पाहिजे.

त्या प्रशिक्षणातली एक गोष्ट घरबसल्या करता येते. दोनशे पानी वही घे. अवघड भेटीनंतर त्याच दिवशी, झोपायच्या आधी, दहा मिनिटं लिही. पानाच्या डाव्या बाजूला तो काय बोलला, तू काय बोललास, आठवेल तसं नाटकातल्या संवादासारखं. उजव्या बाजूला त्या त्या वेळी तुझ्या अंगात आणि मनात काय झालं: गळा दाटला, राग आला, घड्याळ पाहिलं, विषय बदलला. खाली एकच प्रश्न: यातलं त्यांचं किती, माझं किती? विषय कुठे बदललास ती जागा विशेष पाहा, बहुधा तिथेच तुझं दुखणं असतं. वहीत कोणाचं नाव लिहू नकोस. आद्याक्षरंसुद्धा खरी घेऊ नकोस. आपल्या समाजात नगरचं श्रीरामपूरला आणि श्रीरामपूरचं जालन्याला सोयरं निघतं. वही कपाटात कुलपात ठेव आणि वर्षाने जाळून टाक.

आता प्रत्यक्ष घरी जाण्याविषयी. संध्याकाळी जाऊ नकोस. पिणारा माणूस सकाळी सात-साडेसातला शुद्धीत असतो, शरमिंदा असतो आणि बोलायला तयार असतो. प्यालेल्या माणसाशी केलेलं बोलणं दुसऱ्या दिवशी त्याला आठवत नाही, त्याची वचनंही आठवत नाहीत. पहिल्या भेटीत दारूचा विषय तू काढू नकोस. कामाचं, गुडघ्याचं, ऊस-कांद्याचं बोल. त्याला नावाने हाक मार, वयाने मोठा असेल तर 'काका' म्हण. वीस मिनिटांत ऊठ. प्रार्थना करायची तर आधी विचार, 'कशासाठी प्रार्थना करू?' प्रभूने बार्तीमयाला विचारलं होतं, मी तुझ्यासाठी काय करावं. तो आंधळा आहे हे दिसत असूनही विचारलं. आपण विचारत नाही, आणि प्रार्थनेतून त्या माणसाला त्याच्या बायकोपोरांसमोर ऐकवून येतो. डोळे मिटून दिलेला टोमणा तो विसरत नाही.

तीन-चार भेटींनंतर तो स्वतः म्हणेल, 'साहेब, सोडायची आहे.' हा क्षण आनंदाचा असतो, आणि इथेच पाळकांच्या हातून मोठी चूक होते. रात्रभर प्रार्थना, पवित्र शास्त्रावर हात ठेवून शपथ आणि 'आजपासून एक थेंब नाही'. जो माणूस वर्षानुवर्षं रोज भरपूर पितो त्याने दारू एकदम थांबवली तर जिवावर बेतू शकतं. पहिल्या दिवसभरात हात थरथरतात, घाम येतो, झोप जाते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून नसलेली माणसं दिसणं, भिंतीवर किडे दिसणं, ताप, भ्रम. हे सैतानाचं काम समजून त्याला खोलीत कोंडून प्रार्थना करत बसल्याने माणसं दगावली आहेत. ही वैद्यकीय आणीबाणी आहे. सोडण्याचा दिवस डॉक्टरला विचारून ठरव. पहिला आठवडा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात, नाहीतर व्यसनमुक्ती केंद्रात काढू दे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय. घरातले कधी कधी दारू सोडवायची गोळी भाजीत मिसळून देतात. तसं करू देऊ नकोस. त्या गोळीवर नकळत दारू घेतली तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी जीव जातो. गोळी डॉक्टरने, त्या माणसाला सांगून द्यायची असते.

सुटल्यावरचं काम लांबचं. पुन्हा घसरणं हे नेहमीचं आहे. तुझा संताप तिथे उफाळेल, कारण तू लहानपणी दहा वेळा शपथ ऐकलीस आणि दहा वेळा मोडलेली पाहिलीस. म्हणून घसरल्याची बातमी आली की त्या दिवशी जाऊ नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी जा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचा गट, त्याची बैठक जवळपास कुठे भरते ते शोधून ठेव. भरत नसेल आणि कोणी जागा मागितली तर शब्बाथ शाळेची खोली आठवड्यातून एक संध्याकाळ दे, पण 'आधी उपासनेला या' ही अट घालू नकोस. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाच्या बैठकी असतात. आईला तिथे जायला सांग. खरं तर तूही जा.

प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर आणि प्याल्याच्या विधीचं, विसरू नकोस. तुझ्या मंडळीत आंबवलेला द्राक्षारस देत असतील तर नुकतीच सोडलेल्या माणसाला तो घोट धोक्याचा आहे. पंचांशी आधी बोलून सगळ्यांसाठीच बिनआंबवलेला रस ठेवता आला तर उत्तम. ते जमलं नाही तर त्याला खाजगीत सांग की नुसती भाकर घेतली तरी त्याचं प्रभुभोजन पूर्ण आहे. वेदीपाशी त्याला सर्वांदेखत प्याला नाकारावा लागेल अशी वेळ आणू नकोस.

स्वतःची गोष्ट सांगावी का, हे तू विचारलंस. तरुणांच्या शिबिरात साक्ष द्यायला तुला बोलावलं आहे म्हणतोस. या वर्षी जाऊ नकोस. ती गोष्ट तुझ्या एकट्याची नाही. आईची आहे, बहिणीची आहे, आणि बहिणीचं लग्न व्हायचं आहे. व्यासपीठावरून सांगण्याआधी दोघींना विचार, आणि विचारताना 'देवाच्या गौरवासाठी' असं म्हणून त्यांना अडचणीत टाकू नकोस. कोणाच्या घरी बसला असताना मात्र कधी कधी दोन वाक्यं उपयोगी पडतात: 'आमच्याही घरी हे होतं. बोलायचं नसेल तर बोलू नका.' इथे थांब. ती बाई तुझ्या वडिलांची चौकशी करू लागली, तुला पाणी देऊ लागली, तर समज की जागा उलटी झाली, आता ती तुझी पाळक झाली आहे. 'तुमचं दुःख मला कळतं' असं म्हणू नकोस. तुला तुझं कळलं आहे, तिचं तिने सांगायचं आहे. पुनरुत्थानानंतर प्रभूने थोमाला जखमा दाखवल्या, पण त्याने पुरावा मागितला होता म्हणून, आणि त्या जखमांची शुश्रूषा करायला त्याला सांगितलं नाही.

आता मृत्यूचं घर. वर्षभरात तुझ्या वाट्याला दोन-चार तरी येतील, आणि त्यात एक दारूने गेलेला असेल.

निरोप आला की तासा-दोन तासांत पोच. पोचल्यावर पहिली दहा मिनिटं काही करू नकोस. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर मुकाट बसले तोवर त्यांचं काही चुकलं नव्हतं. बोलायला लागले तिथून बिघडलं. बस, गेलेल्याचं नाव घे, घरच्यांनी काही खाल्लं का, रोजच्या गोळ्या घेतल्या का ते पाहा. मग कोणा शांत डोक्याच्या नातलगाला बाजूला घेऊन व्यवहाराचं बोल: घरी मृत्यू झाला असेल तर डॉक्टरचा दाखला, कबर खोदणाऱ्याला निरोप, शवपेटी, मुंबई-पुण्याहून कोण यायचं आहे आणि किती वाजेपर्यंत थांबायचं. अपघात किंवा आत्महत्या असेल तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन होतं. शव ताब्यात मिळेपर्यंत दफनविधीची वेळ जाहीर करू नकोस, नाहीतर शे-दीडशे माणसं कबरस्तानात उन्हात ताटकळतात आणि घरच्यांवर चिडतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. हे त्या दिवशी सांगू नकोस, आठवडाभराने स्वतः आठवण कर आणि विधवेबरोबर कोणाला तरी पाठव.

दारूने गेलेल्याच्या दफनविधीत दोन मोह होतात. एक, त्याला संत करणं. दुसरा, त्याला धडा करणं. संत केलंस तर बायको आणि मुलं मनात म्हणतात की पाळकालाही खोटं बोलावं लागतं. धडा केलास तर ती मुलं पुन्हा देवळात येत नाहीत. आदल्या रात्री घरच्यांना विचार, त्यांच्याबद्दल एक चांगली खरी आठवण सांगा. काहीतरी निघतंच: बैलाला हातचा घास द्यायचे, पेटी छान वाजवायचे. ते सांग. मृत्यूचं कारण उच्चारू नकोस. उपदेश आठ मिनिटांच्या वर नेऊ नकोस. त्याचा न्याय काय होईल यावर एक शब्दही बोलू नकोस, तो तुझ्या अधिकारातला विषय नाही. आणि विधवेच्या चेहऱ्यावर दुःखाबरोबर सुटकाही दिसेल. ती तू तुझ्या घरी पाहिली आहेस. नातेवाईक तिला त्याबद्दल बोल लावतील. तिला एकदा, एकटीला, सांग: सुटल्यासारखं वाटणं पाप नाही. हे वाक्य तुझ्याइतकं खरं फार थोड्यांना म्हणता येईल.

खरी सेवा त्यानंतर सुरू होते. पहिला आठवडा घर माणसांनी भरलेलं असतं, तेव्हा तुझी गरज कमीच. तिसऱ्या आठवड्यात सगळे गेलेले असतात, तेव्हा जा. मग दीड महिन्याने, तीन महिन्यांनी, त्याच्या वाढदिवसाला, पहिल्या नाताळच्या आधीच्या आठवड्यात, आणि वर्षदिनी. तारखा डायरीत आजच लिहून ठेव. दुःख ओसरत नसेल, सारखं 'आता आनंद करा' ऐकून ती बाई थकली असेल, तर तिला ८८ वं स्तोत्र वाचून दाखव. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे. वाचून झाल्यावर स्पष्टीकरण देऊ नकोस.

काही वेळा ऐकणं पुरत नाही. कोणी 'आता जगून काय करायचं' म्हणालं तर थेट विचार: 'जीव द्यायचा विचार मनात येतो का? कसा, ते ठरवलं आहे का?' विचारल्याने विचार पेरला जातो ही समजूत चुकीची आहे. ठरवलेलं असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नकोस, शेतावरचं आणि घरातलं कीटकनाशक दुसरीकडे हलवायला लाव, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे ने. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलतात. तो मंडळीच्या सूचनाफलकावर लाव. कोणी प्रयत्न करून वाचलं असेल तर पोलिसांच्या भीतीने घरच्यांनी उपचार लपवू नयेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा माणसाला शिक्षेऐवजी उपचाराचा हक्क दिला आहे. मारहाण होत असलेल्या बाईला 'सहन करा, प्रभू बदलेल' असं कधीही म्हणू नकोस. १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक तिच्याकडे असू दे, आणि ती रात्री बाहेर पडली तर कुठल्या घरी जाईल हे आधीच ठरलेलं असू दे. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर गुप्ततेचं वचन तिथे लागू नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. म्हणून 'कोणाला सांगणार नाही' असं वचन आधीच देऊन बसू नकोस. 'कोणाच्या जिवाला धोका नसेल तोवर माझ्याजवळच राहील' असं म्हण.

पैशांबद्दल थोडक्यात: स्वतःच्या पगारातून उसने देऊ नकोस. पास्टोरेट कमिटीला, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीला, सांगून छोटा मदतनिधी कर, दोन सह्या, नोंदवही, आणि रोख हातात न देता दुकानात, शाळेत, औषधवाल्याकडे परस्पर भरणा.

हे सगळं पाहून तुला वाटेल, यात दुःखाचा संबंध कुठे आला, ही तर कारकुनी झाली. पंडिता रमाबाईंकडे पाहा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. पोरवयात त्यांनी उपास काढले, पायी भटकल्या. पुढे भाऊ गेला, १८८२ साली नवरा गेला, पदरात तान्ही मुलगी. वीसेक वर्षांनी, १८९६-९७ च्या दुष्काळात, त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी विधवा आणि मुली घेऊन आल्या. पण केडगावच्या आपल्या आश्रमात त्या मुलींना नुसतं जवळ घेऊन रमाबाई रडत बसल्या नाहीत. विहिरी, शेती, विणकाम, शाळा, छापखाना असं सगळं त्यांनी उभं केलं. भूक माहीत असल्याने भुकेल्याला उद्याची सोय लागते हे त्यांना माहीत होतं. १९२१ साली ती एकुलती मुलगी मनोरमाही गेली, आणि पुढच्या वर्षी रमाबाई स्वतः. त्यांच्या दुःखाला कुठे गोड शेवट नाही, आणि काम मात्र चाललं.

राहिलं तुझं स्वतःचं. रविवारनंतरचा सोमवार सुट्टी ठेव, आणि त्या दिवशी कबरस्तानाखेरीज कुठल्याही कामाला जाऊ नकोस. तुझ्या धर्मप्रांताच्या राजकारणात नसलेला एक वडीलधारा माणूस शोध, दुसऱ्या पंथाचा असला तरी चालेल, आणि महिन्यातून एकदा दीड तास त्याच्यासमोर बस. त्यातला पहिला अर्धा तास वहीतलं एक पान, उरलेला वेळ तुझे वडील. झोप सलग दोन आठवडे उडाली, किंवा कोणा एका घराचा विचार दिवसभर डोक्यातून जाईना, किंवा तुलाच एखादा घोट घ्यावासा वाटला, तर महिना संपायची वाट न पाहता त्याला फोन कर आणि डॉक्टरला दाखव. पिणाऱ्याच्या मुलांना ही ओढ इतरांपेक्षा जास्त असते, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण लपवण्यासारखंही नाही.

ज्या घराबद्दल तू सविस्तर लिहिलंस, तिथे या आठवड्यात जाऊ नकोस. तिथला थोरला मुलगा दहावीला आहे, हुशार आहे आणि रोज तुझ्याकडे येऊन बसतो, एवढं वाचूनच मला शंका आली. आधी त्याच्या मामाची गाठ घे. मग पुढच्या मंगळवारी सकाळी साडेसातला जा, चहा घे, आणि त्या माणसाला विचार की यंदा कांदा किती लावला.

प्रभूत तुझा